विणकामाच्या पुस्तकांची गोष्ट

आपल्या मराठीत ‘विणकाम’ हा शब्द मोठा ऐसपैस आहे. कोष्टी मागावर लुगडे विणतो ते विणकाम, बुरूड टोपली विणतो तेही विणणेच, आणि घरातली आजी दोन सुयांवर नातवाचे टोपरे करते तेही विणकामच. आज मी बोलणार आहे ते या शेवटच्या विणकामाविषयी. मागाला उभे आणि आडवे असे दोन धागे लागतात. सुयांच्या विणकामात धागा एकच असतो. त्याचा एक फासा, त्या फाशातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, अशी ही साखळी पुढे सरकते. म्हणून हे वस्त्र अंगाबरोबर ताणले जाते. आणि म्हणूनच एक टाका सुटला की तो सरसर खालपर्यंत उसवत जातो.

नव्याने सुया हाती घेतलेल्या माणसाला लवकरच एक प्रश्न पडतो : या कामाची पुस्तके जमवावीत तर कोणती, आणि किती? वरवर पाहता हा बाजारहाटाचा प्रश्न वाटेल. पण ही पुस्तके मुळात का लिहिली गेली, कोणी लिहिली, आणि त्यांतली कितीतरी रद्दीत कशी गेली, हे समजले की निवड करणे सोपे होते. तेव्हा थोडे मागे जाऊ.

सुयांवरच्या विणकामाचे जे जुने अवशेष सापडले आहेत, त्यांत इजिप्तमधले सुती तुकडे प्रसिद्ध आहेत. निळ्या आणि पांढऱ्या धाग्यांत नक्षी उतरवलेले हे तुकडे साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले मानले जातात. पुढे युरोपात ही कला पसरली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या काही गावांत गरीब मुलांना मोजे विणायला शिकवणाऱ्या शाळाही निघाल्या होत्या. यॉर्कशरच्या डेंट खोऱ्यात तर बायका, पुरुष, मुले सगळीच विणत. हिवाळ्याच्या रात्री एका घरी विस्तवाभोवती जमायचे, गाणी म्हणायची, गप्पा मारायच्या, आणि हात चालू ठेवायचे, अशी तिथली रीत. या सगळ्यांत पुस्तक कुठेच नाही. आईच्या हाताकडे पाहून मुलगी शिकली, तिच्याकडे पाहून नात शिकली. जात्यावरच्या ओव्या आपल्याकडे जशा कागदावाचून चालत आल्या, तसेच हे.

१६५५ साली लंडनमध्ये ‘नातुरा एक्सेन्टेराटा’ नावाचे एक पुस्तक निघाले. त्यात भरणा औषधांच्या पाठांचा. पण त्यातच मोजे विणण्याची कृतीही छापलेली आहे. इंग्रजीत छापलेली विणकामाची ही सर्वांत जुनी ज्ञात कृती. ती वाचताना मात्र दमछाक होते. एकामागून एक लांबलचक वाक्ये. खुणा नाहीत, संक्षेप नाहीत. हाताला जे क्षणात कळते ते शब्दांत पकडणे किती कठीण आहे, याचा तो पहिला पुरावाच म्हणायला हरकत नाही.

यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षे गेली. १८३० नंतर मात्र इंग्लंड-स्कॉटलंडात विणकामाच्या पुस्तकांचे जणू पीक आले. याला कारणे होती. मोजे विणण्याचे यंत्र विल्यम ली याने १५८९ सालीच काढले होते. पुढे यंत्रे वाढत गेली तसतसे हाताच्या विणकामावर पोट भरणे अवघड झाले. दुसरीकडे शहरांतल्या मध्यमवर्गीय घरांत बायकांना थोडी फुरसत मिळू लागली. जर्मनीतून मऊ, रंगीत लोकर येऊ लागली. छपाई स्वस्त झाली. ज्या बाईची आई विणत नव्हती, शेजारीण विणत नव्हती, तिला शिकवायचे कोणी? ते काम पुस्तकाकडे आले.

१८३८ साली निघालेल्या ‘वर्कवुमन्स गाइड’ या पुस्तकावर लेखिकेचे नावच नाही. ‘एका स्त्रीने लिहिलेले’ एवढेच आहे. १८४० साली एडिंबरोच्या जेन गॉगेन या बाईंचे पुस्तक आले. नवरा-बायकोचे लोकरीचे दुकान होते. गिऱ्हाईक लोकर घेई आणि विचारी, ‘आता हिचे करू काय?’ अशा गिऱ्हाइकांसाठी बाईंनी कृती लिहून काढल्या आणि त्या लिहिताना स्वतःची एक लिपीच बसवली. प्रत्येक प्रकारच्या टाक्याला एक अक्षर, आणि जिथे अक्षरे अपुरी पडली तिथे तेच अक्षर उलटे करून छापले. आज ‘सुलट’साठी एक खूण आणि ‘उलट’साठी दुसरी, अशी जी पद्धत सर्वत्र रुळली आहे, तिच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक.

पण त्या काळी प्रत्येक लेखिकेची खूण वेगळी, आणि सुयांचे मापही ज्याचे त्याचे. लंडनच्या मिस लॅम्बर्ट यांनी यावर उपाय म्हणून सुयांची जाडी मोजण्याचे एक साधन काढले. तरी तो घोटाळा पुरता मिटला नाही, आणि जुनी पुस्तके जमवणाराने तो आजही ध्यानात ठेवला पाहिजे. जुन्या ब्रिटिश पद्धतीत आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकन पद्धतीत आकडा मोठा तर सुई जाड. ब्रिटिश ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, तर अमेरिकन ८ नंबरची ५ मिलिमीटरची. आपल्याकडे ब्रिटिश नंबर चालत आले. अमेरिकन पुस्तक उघडून आपल्या बाजारातली ८ नंबरची सुई घेतली, तर मोठ्या माणसाचा स्वेटर थोरल्या मुलाला घालायची पाळी येईल. म्हणून पुस्तक घेताना ते कोणत्या देशात, कोणत्या साली छापले, हे आधी पाहावे.

विसाव्या शतकात लोकरीच्या गिरण्यांनी दोन-चार पानांची नमुनापत्रके काढली. लोकर खपावी हा हेतू. पण त्यामुळे नमुने घरोघर पोचले. दोन्ही महायुद्धांत सैनिकांसाठी मोजे, कानटोप्या, गळपट्टे विणण्याची अशी पत्रके हातोहात फिरली. मात्र जे स्वस्त ते जपून कोण ठेवतो? काम झाले की पत्रक चुलीत किंवा रद्दीत. मोठमोठ्या ग्रंथालयांनाही ती ठेवण्याजोगी वाटली नाहीत.

याच शतकात दुसऱ्या जातीची पुस्तकेही आली. १९३८ साली मेरी थॉमस या इंग्रज बाईंनी आपल्या पुस्तकात ‘असे करा’ एवढेच न सांगता ‘असे का होते’ हेही सांगितले. फासा सुईवर कसा बसतो, धागा कोणत्या बाजूने येतो, हे त्यांनी चित्रांनी समजावले. १९४३ साली त्यांचे नमुन्यांचे पुस्तक आले. अमेरिकेत बार्बरा वॉकर यांनी १९६८ आणि १९७० साली टाक्यांच्या नमुन्यांचे दोन मोठे कोशच सिद्ध केले. एलिझाबेथ झिमरमन यांचे ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक १९७१ सालचे. या बाईंची युक्ती शिक्षकांना आवडेल. समजा, स्वेटरचा घेर ४० इंच हवा आहे आणि आपल्या हाताने इंचात ५ टाके बसतात. म्हणजे घेराला २०० टाके झाले. मग मनगटाशी त्यांचा पाचवा हिस्सा, म्हणजे ४० टाके. दंडाशी साधारण तिसरा हिस्सा. एवढे शेकडेवारीचे गणित जमले की कोणत्याही अंगाचा स्वेटर करता येतो. तयार नमुन्याची वाट पाहावी लागत नाही.

आता संग्रहाची गोष्ट. रिचर्ड रट नावाचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. १९५४ साली ते कोरियात गेले, सुमारे वीस वर्षे तिथे राहिले, कोरियन कवितेचे जाणकार झाले, आणि पुढे इंग्लंडात लेस्टरचे बिशप झाले. हे गृहस्थ स्वतः विणत, आणि विणकामाची जुनी पुस्तके गोळा करीत. पुरुषाने, त्यातून धर्मगुरूने, बायकी समजल्या जाणाऱ्या पुस्तकांचा एवढा ध्यास घ्यावा, याचे कित्येकांना नवल वाटले असेल. पण त्या संग्रहाच्या आधारावर त्यांनी १९८७ साली हातविणकामाचा इतिहास लिहिला, आणि तो आजही या विषयातला आधारग्रंथ मानला जातो. त्यांची पुस्तके आता विंचेस्टर येथील कला विद्यालयाच्या ग्रंथालयात आहेत. मोन्त्से स्टॅनली आणि जेन वॉलर या दोन बाईंचे संग्रहही त्यांच्या शेजारी आहेत. स्टॅनलीबाईंनी तर विणणाऱ्या माणसांची चित्रे आणि पोस्टकार्डेसुद्धा जमवली होती. एकोणिसाव्या शतकातली यांतली अनेक पुस्तके आता संगणकावर कोणालाही फुकट वाचता येतात. ग्रंथालयांनी जे उचलले नाही, ते घरच्या कपाटांनी राखले, म्हणून हा इतिहास लिहिता आला.

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे बाळंतविडा आहे. लेक बाळंतपणाला आली की टोपरे, झबले, पायमोजे, छोटा स्वेटर असा विडा करायचा, ही रीत घरोघर होती आणि अजूनही आहे. त्यासाठी बायकांनी नमुने उतरवून घेतलेल्या वह्या, मासिकांतून कापलेली पाने, लोकरीच्या वेष्टनावरच्या चिठ्ठ्या, हे सगळे ट्रंकेच्या तळाशी असते. घर आवरताना ते पहिल्यांदा बाहेर पडते. ‘एक सुलट, एक उलट, दोन एकत्र’ अशा त्या ओळींत एका पिढीचे शिकणे साठवलेले आहे, आणि त्यावर बहुधा नाव नाही, साल नाही. वही गेली की मागे काही राहत नाही. स्वेटर तर आधीच कसरीने खाल्लेला असतो.

तेव्हा नव्या विणणाराने संग्रह कसा करावा? माझ्या मते तीन पुस्तकांनी आरंभ पुरे. पहिले, टाका का आणि कसा बसतो हे समजावणारे. दुसरे, टाक्यांच्या नमुन्यांचा कोश. तो जन्मभर पुरतो. तिसरी, आपली स्वतःची वही. नुसते कपड्यांचे नमुने देणारी पुस्तके मागाहून, गरजेप्रमाणे घ्यावीत. त्यांची फॅशन लवकर जुनी होते. पुस्तक विकत घेण्याआधी तालुक्याच्या ग्रंथालयात पाहावे. दशांश वर्गीकरणाने पुस्तके लावलेली असतील तर ७४६.४३ या आकड्याखाली विणकाम सापडेल. मराठीतही लोकरीच्या विणकामाची पुस्तके निघाली आहेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती दिसली तर फाटकी म्हणून टाकू नयेत. सुटी पत्रके चिकटपट्टीने जोडू नयेत, कारण ती पिवळी पडून कागद खाते; साध्या कागदी पाकिटात ठेवावीत. कपाटात वेखंडाचा तुकडा ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे.

आणि वहीत काय लिहावे? प्रत्येक नमुन्यापाशी तारीख, सुईचा नंबर, लोकर कोणती, इंचात किती टाके बसले, कोणासाठी विणले, आणि कोणाकडून शिकले. शक्य असेल तर चार बोटे रुंदीचा विणलेला तुकडा शेजारी टाचावा. पुढच्याला वाचून जे कळणार नाही, ते बोटांनी चाचपून कळेल.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. येत्या सुटीत मुलांना एक काम द्या. घरात, शेजारी जी कोणी आजी किंवा काकू विणत असेल, तिच्याकडून एक टाका शिकायचा, तो तिच्याच शब्दांत लिहून आणायचा, आणि खाली तिचे नाव घालायचे. मुलगे आणि मुली दोघांनीही. ही पाने एकत्र शिवून शाळेच्या कपाटात ठेवली, तर तुमच्या गावाचे पहिले विणकामाचे पुस्तक तयार होईल, आणि त्यावर लिहिणारीचे नावही असेल.