‘बीस्टी’

बीस्टी : बीएसडी या युनिक्स-कुळातील संगणकप्रणालीचे बोधचिन्ह. लाल अंग, दोन शिंगे, हातात त्रिशूळ, पायांत कॅनव्हासचे बूट आणि चेहऱ्यावर मिश्कील हसू. या स्वारीचे रीतसर बारसे झालेच नाही. ‘बी-एस-डी’ ही अक्षरे इंग्रजी धाटणीने भरभर म्हटली की ‘बीस्टी’ ऐकू येते. प्रोग्रॅमरांच्या तोंडी तेच बसले. मुळात सैतानच का, तर पडद्याआड निमूट राबणाऱ्या प्रोग्रॅमला युनिक्समध्ये ‘डीमन’ म्हणतात. हा शब्द एमआयटीतल्या मंडळींनी १९६३च्या सुमारास घेतला तो भौतिकशास्त्रातून, रेणू निवडून वेगळे करणाऱ्या मॅक्सवेलच्या काल्पनिक भुतावरून; तेव्हा धर्माशी त्याचे काही देणेघेणे नाही. सर्वाधिक परिचित चित्र जॉन लॅसेटर यांचे (होय, ‘टॉय स्टोरी’चे दिग्दर्शक तेच), हक्क मात्र बीएसडीचे एक कर्ते मार्शल कर्क मॅक्युसिक यांच्याकडे. बीएसडीच्याच वंशातल्या फ्रीबीएसडी या प्रणालीने २००५मध्ये स्पर्धा घेऊन नवे चिन्ह निवडले: लाल गोळा, वर नुसती शिंगे. दिसायला नीटस, पण बीस्टीची सर त्याला नाही. संगणक सुरू होताना अक्षरांनी रेखाटलेला जुना बीस्टी हवा असल्यास सेटिंगमध्ये आजही हेच टोपणनाव लिहावे लागते.