बिनपगारी, फुल अधिकारी

गेल्या रविवारी आत्याकडे जेवायला गेलो होतो. जोगेश्वरी पूर्वेलाच, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. ताट पुढ्यात येतंय तोच आत्याने विषय काढला.

"अरे, तू तरी सांग हिला. सुट्टीत कॉम्प्युटरचा कोर्स लावते म्हटलं तर नको म्हणते. दोन महिने नॅशनल पार्कात जाणार म्हणे. बिबट्याची विष्ठा गोळा करायला!"

'ही' म्हणजे माझी आतेबहीण. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, झूलॉजी. बोरिवलीच्या उद्यानात काम करणाऱ्या एका अभ्यासगटाला उन्हाळ्यापुरती शिकाऊ मुलं हवी आहेत, त्यात हिचं नाव लागलं. मिळणार काय? प्रवासखर्च, दुपारचं जेवण आणि शेवटी एक सर्टिफिकेट. बूट, टॉर्च, पाण्याची बाटली ज्याची त्याने आणायची.

"म्हणजे बिनपगारी, फुल अधिकारी," काका आमटी ओरपत म्हणाले.

मी इंजिनियर, आयटीत नोकरीला. म्हणजे आपोआप खानदानाचा अधिकृत करिअर सल्लागार. तिने "दादा, तू सांग ना" म्हणून माझ्याकडे पाहिलं, आत्यानेही पाहिलं. "बघून सांगतो," असं म्हणून मी वेळ मारून नेली. ऑफिसात क्लायंटला असंच सांगतो :)

पण मग खरंच बघायला बसलो. मुलांनी जंगलात फुकट राबायचं आणि त्यातून शास्त्र शिकायचं, ही भानगड सुरू कधी झाली? आठवडाभर रात्री वाचत होतो, आणि धागा थेट आपल्या भायखळ्याला जाऊन पोचला.

१५ सप्टेंबर १८८३. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये (आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय) आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली. आठातले सहा इंग्रज आणि दोन आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. सखाराम अर्जुन म्हणजे डॉक्टर रखमाबाईंचे सावत्र वडील. आपण शाळेत यांची नावं समाजसुधारणेच्या धड्यात वाचतो. ही माणसं झाडंपानंही तितक्याच आवडीने बघत होती, हे तिथे कुणी सांगत नाही.

सोसायटीला जागा नव्हती. मग हर्बर्ट फिप्सन या वाइनच्या व्यापाऱ्याने फोर्टातल्या आपल्या जागेत एक खोली दिली. म्हणजे देशातली ही नामांकित निसर्गसंस्था काही काळ चक्क दारूच्या दुकानात नांदत होती! याच धंद्यातले डब्ल्यू. एस. मिलार्ड पुढे सोसायटीचे मानद सचिव झाले.

मिलार्डसाहेबांकडे एके दिवशी खेतवाडीतून दहा-बारा वर्षांचा एक मुलगा आला. हातात छऱ्याच्या बंदुकीने मारलेली चिमणी आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग. हा कुठला पक्षी, ते मामांनाही सांगता येईना, म्हणून त्यांनी ओळखीची चिठ्ठी देऊन सोसायटीत पाठवलं होतं. मिलार्डने पोराला हाकलून दिलं नाही. ही पीतकंठी चिमणी, असं सांगितलं आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले. वाचायला पुस्तकं दिली. पुढे सोसायटीचे पहिले पगारी क्युरेटर नॉर्मन किनियर यांच्या हाताखाली तो मुलगा पक्ष्याचं कातडं काढून ते टिकवायला शिकला.

हा मुलगा म्हणजे सलीम अली, हे तुम्ही ओळखलंच असेल. गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण आपण ती 'चिमणीने आयुष्य बदललं' अशी सांगतो. मला या वेळी ती वेगळी दिसली. चिमण्या काय, पुष्कळ पोरांनी मारल्या असतील. याच्याकडे चिठ्ठी देणारा मामा होता, आणि पलीकडे खण उघडून दाखवणारा माणूस होता.

सलीम अली हे काही एकटेच नव्हेत. त्याच सोसायटीत १९०७ मध्ये स्टॅन्ले प्रेटर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा दाखल झाला. काम करता करता शिकला, पुढे क्युरेटर झाला आणि भारतातल्या सस्तन प्राण्यांवरचं त्याचं पुस्तक १९४८ मध्ये आलं. घटना समितीतही तो होता.

आता आत्याच्या मूळ प्रश्नाकडे: "यातून पुढे काय?" सलीम अलींचं पुढे काय झालं, ते ऐका. विद्यापीठाची पदवी नाही, म्हणून झूऑलॉजिकल सर्व्हेतली नोकरी हुकली. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ३५० रुपये पगारावर गाईड लेक्चरर झाले. मग रजा घेऊन बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेसेमान या पक्षीशास्त्रज्ञाकडे शिकून १९३० मध्ये परतले, तर पैसे नाहीत म्हणून पदच रद्द! आमच्या भाषेत, ऑनसाइटहून परत आलो आणि प्रोजेक्टच बंद.

मग नवराबायको अलिबागजवळ किहीमला, पत्नी तेहमिना यांच्या घरच्या बंगल्यात राहायला गेले. तिथल्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. या बेकार माणसाने शिडीवर बसून दिवसेंदिवस टिपणं काढली. सुगरणीचा नर घरटं अर्धं बांधतो, मादीला पसंत पडलं की पुरं करतो, आणि ती अंडी घालून बसली की दुसरं घरटं बांधायला घेऊन दुसरी मादी शोधतो. हे त्या टिपणांतून पुढे आलं आणि त्यांचं नाव झालं.

इथे एक हिशोब मांडू. पदवी नाही, नोकरी नाही, पगार नाही, तरी काम झालं. का? कारण डोक्यावर छप्पर होतं, आणि ते बायकोच्या घरचं होतं. पुस्तकात पक्ष्यांची नावं येतात, भाड्याचा प्रश्न कोणी सोडवला ते एका ओळीत उरकतं.

आज आपण जिला इंटर्नशिप म्हणतो, तिला उद्यानांपुरतं रीतसर रूप द्यायचा एक जुना प्रयत्न अमेरिकेतला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली राष्ट्रीय उद्यानं गर्दीने भरली, पण देखभालीला पैसे नव्हते. एलिझाबेथ कुशमन या कॉलेजकन्येने १९५५ मध्ये पदवीच्या प्रबंधात सुचवलं की हे काम विद्यार्थ्यांना द्या. नुसतं सुचवून थांबली नाही, तर १९५७ मध्ये ऑलिम्पिक आणि ग्रँड टिटन या उद्यानांत मुलांच्या पहिल्या तुकड्या उभ्या केल्या. प्रबंध सबमिट केला की आपण तो विसरतो. हिने तो डिप्लॉय केला.

आता परत आपल्या जंगलात. सुमारे १०४ चौरस किलोमीटर, तिन्ही बाजूंनी शहर, पोटात तुळशी आणि विहार हे तलाव. २००४ च्या पावसाळ्यात याच जंगलाच्या कडेने बिबट्यांनी एकामागून एक माणसं मारली. तेव्हा मी शाळेत होतो. संध्याकाळी सातनंतर आई खाली सोडायची नाही, एवढं आठवतं. बिबटे पकडा आणि लांब सोडा, अशी सगळ्यांची मागणी होती. उलटं पाहायला शिकवलं जुन्नर-अकोल्याच्या उसाच्या रानांतल्या अभ्यासाने. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पकडलेला बिबट्या परक्या मुलखात सोडला की तिथे हल्ले वाढतात. उद्यानाचे तेव्हाचे प्रमुख सुनील लिमये यांनी २०११ मध्ये 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' सुरू केलं, त्यात अत्रेय होत्या आणि बरीच तरुण पोरं होती. पोलीस, पत्रकार, सोसायट्या सगळ्यांना जाऊन सांगायचं की कचरा उचला, रात्री एकटं मूल बाहेर सोडू नका, बिबट्या दिसला म्हणून पिंजरा मागू नका.

पण बिबटे आहेत तरी किती? २०१५ मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एम.एस्सी. करणाऱ्या निकित सुर्वे याने उद्यान आणि आरे परिसरात कॅमेरा ट्रॅप लावले. उत्तर आलं ३५. एका विद्यार्थ्याचा प्रबंध! २०१८ च्या मोजणीत आकडा ४७ झाला.

पद्धत भारी आहे, आमच्या लोकांना आवडेल अशी. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे, म्हणजे ती त्याची प्रायमरी की. डाव्या आणि उजव्या कुशीची नक्षीही सारखी नसते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे. समजा पहिल्या फेरीत २० बिबटे ओळखले. दुसऱ्या फेरीत १५ दिसले, त्यातले १२ जुनेच. म्हणजे आपल्या जाळ्यात १५ पैकी १२, ८० टक्के येतात. मग एकूण २० भागिले ०.८, म्हणजे २५. खरी सूत्रं याहून किचकट असतात, पण मूळ कल्पना हीच. आणि आत्या, ती विष्ठा! ती धुऊन, वाळवून त्यातले केस मायक्रोस्कोपखाली बघतात. केसाच्या रचनेवरून कळतं, हरीण खाल्लं की कुत्रा. त्या अभ्यासात आहाराचा सुमारे चौथा हिस्सा भटक्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे कचरा, कुत्रे आणि बिबट्या ही साखळी अंदाज म्हणून उरली नाही, तिला आकडा मिळाला. तो आकडा कुणीतरी हातमोजे घालून गोळा केलाय.

आरेची गोष्ट तर अगदी घराजवळची. २०१० मध्ये झीशान मिर्झा आणि राजेश सानप या दोघा तरुणांनी तिथल्या एका विंचवाचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि विज्ञानाला नवी असलेली ती जात आरेच्या नावाने नोंदली गेली: लायकस आरेएन्सिस. ज्या जागेला पुष्कळ लोक 'पडीक गवत' म्हणत होते, तिच्या नावाचा प्राणी आता जगाच्या यादीत आहे. अर्थात यादीने सगळं वाचत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून जास्त झाडं दोन रात्रींत पडली. कारशेड झालं. मी रोज आरे जेव्हीएलआर स्टेशनवरून तीच मेट्रो पकडून बीकेसीला जातो आणि एसीत बसून बरं वाटतं, हे खोटं कशाला सांगू. पण पुढे आरेतली आठशे एकरांहून जास्त जमीन वन विभागाकडे गेली. तिथे काय जगतं हे सांगणाऱ्या नोंदी कुणी केल्याच नसत्या, तर बाजू मांडायला हातात काय असतं?

आता माझं. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मीही एका रविवारी आरेत पक्षी मोजायला गेलो होतो. आमच्याहून दुप्पट पक्षी वाटेतल्या पाड्यावरच्या एका वारली मावशींनी न बघता, नुसत्या आवाजावरून सांगितले. वाघोबाच्या दगडाशी थांबून हातही जोडायला लावले. पुढच्या रविवारपासून ॲप्टिट्यूडचा क्लास सुरू झाला आणि मी परत गेलो नाही. क्लासची फी भरली होती ना! नोकरी लागली, त्याचं वाईट वाटत नाही. पण त्या मावशींना विचारायचे प्रश्न राहिले ते राहिलेच.

तर आठवडाभर वाचून मला जे कळलं ते एवढंच. जंगलात शिकणं कधीच फुकट नव्हतं. दर वेळी कुणीतरी खर्च उचलत होतं. कधी मामाची चिठ्ठी, कधी व्यापाऱ्याची खोली, कधी बायकोचं घर. ज्यांच्यामागे असं कुणी नव्हतं, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, कारण ती पोरं आलीच नाहीत. आत्याचा प्रश्न म्हणूनच अडाणी नाही. ज्यांच्या घरचा हप्ता काकांच्या ओव्हरटाइमवर चालतो, त्यांनी "स्टायपेंड किती?" विचारायचं नाही तर कुणी? शिकाऊ मुलांना पगार नसेल तर जंगलाचं शास्त्र फक्त बंगलेवाल्यांच्या मुलांचं होईल. विंचू मात्र झोपडीच्या मागेच सापडतात.

काल संध्याकाळी आत्याकडे गेलो आणि हे सगळं जमेल तसं सांगितलं. काकांना सलीम अलींच्या नोकरीची गोष्ट फार पटली. आत्या म्हणाली, "ते सगळं खरं, पण बूट अडीच हजाराचे आहेत."

"बूट आणि दोन महिन्यांचा वरखर्च माझ्याकडे," मी म्हटलं. "मोबदल्यात दर रविवारी मला काय शिकलीस ते सांगायचं."

"दादा, विष्ठेबद्दल पण?"

"जेवण झाल्यावर."

असो. सोमवारी रिलीज आहे, झोपतो आता.