धाव आणि ओघ

कामाच्या पद्धतींना मिळणारी नावे पुष्कळदा उपमांतून येतात, आणि उपमा एकदा रुळली की ती वापरणाऱ्यांच्या मनावर अंमल गाजवू लागते. संगणकप्रणाली घडवण्याच्या व्यवसायात अशा दोन उपमा आज शेजारी नांदत आहेत : स्क्रम आणि कानबान. साहित्याच्या वर्गातून उठून हिंजवडीत नोकरीला गेलेले आमचे विद्यार्थी भेटले की हे शब्द त्यांच्या तोंडून हमखास ऐकू येतात. त्यांच्यामागे दडलेला इतिहास भाषेच्या अभ्यासकांनीही पाहावा असा आहे.

'स्क्रम' हा शब्द रग्बी या खेळातला. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी १९८६ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स यांसारख्या कंपन्यांत नवी उत्पादने कशी आकाराला येतात, हा त्याचा विषय. जुनी रीत रिले शर्यतीसारखी असते, असे त्यांनी मांडले : एका विभागाने आपला टप्पा पुरा करायचा आणि पुढच्याच्या हाती काठी सोपवायची. नव्या रीतीत रग्बीप्रमाणे सारा संघ चेंडू आपसांत खेळवत एकत्र पुढे सरकतो. या विचाराचा आधार घेऊन जेफ सदरलँड यांनी १९९३ मध्ये ईझल कॉर्पोरेशनमध्ये 'स्क्रम' नावाची पद्धत राबवली. १९९५ मध्ये केन श्वेबर यांच्यासह ती एका परिषदेत जाहीरपणे मांडली. पद्धतीचा गाभा म्हणजे 'स्प्रिंट' : महिन्याहून मोठी नसलेली, बहुधा दोन आठवड्यांची ठराविक मुदत. आरंभी काय साधायचे ते संघाने ठरवायचे, अखेरीस झालेले काम सर्वांपुढे ठेवायचे, आणि लगेच पुढची मुदत सुरू करायची.

येथे एक गंमत दिसते. स्प्रिंट म्हणजे थोड्या अंतराची, जीव तोडून केलेली धाव. मूळ लेखाने ज्या शर्यतीची उपमा बाजूला सारली होती, तिचे मैदान मागच्या दाराने परत आले. शिवाय खरा धावपटू धाव संपल्यावर थांबतो. या पद्धतीत एक धाव संपताच दुसरी सुरू होते.

'कानबान' या जपानी शब्दाचा अर्थ फलक किंवा पाटी. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी या पाट्यांची व्यवस्था घडवली. अमेरिकेतल्या सुपरमार्केटची रीत त्यांच्या मनात होती : गिऱ्हाइकाने फळीवरची वस्तू उचलली की तेवढीच जागा पुन्हा भरायची. कारखान्यात पुढच्या टप्प्याने मागितल्याखेरीज मागच्या टप्प्याने काही बनवायचे नाही, आणि ती मागणी पोचवायची पाटीने. पाट्या मोजक्या असल्यामुळे अर्धवट मालाचे ढीग साचत नाहीत. येथे मुदत नाही, ओघ आहे. आणि ओघाला बांध आहे.

ही कल्पना संगणकप्रणालीच्या कामात आणण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग भारताशी जोडलेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत प्रणालींची देखभाल करणारा हैदराबादचा एक संघ २००४ च्या सुमारास कामाच्या ढिगाखाली दबला होता. येणाऱ्या प्रत्येक मागणीला किती वेळ लागेल याचा अंदाज ४८ तासांत द्यावा लागे, आणि त्या अंदाजांपायी हातातले काम खोळंबे. डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्याने अंदाज देणे बंद झाले, एका वेळी हाती घ्यायच्या कामांवर मर्यादा आली, आणि जागा रिकामी झाल्यावरच नवे काम घेण्याचा नियम झाला. महिन्यांचा विलंब आठवड्यांवर आला. अधिक वेगाने धावा, असे कोणालाही सांगावे लागले नव्हते. पुढे २०१० मध्ये अँडरसन यांनी या पद्धतीवर ग्रंथच लिहिला.

यामागचे गणित जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले होते. हाती १२ कामे असतील आणि आठवड्याला ३ पुरी होत असतील, तर प्रत्येक कामाला सरासरी ४ आठवडे लागणार. वेग तोच ठेवून हातातली कामे ६ वर आणली, तर २ आठवडे.

मग निवड कशी करावी? पुढच्या पंधरवड्याचे काम ज्याला बरेचसे दिसते आणि ज्याला इतरांचे मत वेळोवेळी हवे असते, त्याला मुदत मानवते. मागणी केव्हा येईल याचा नेम नसलेल्या देखभालीसारख्या कामाला ओघ मानवतो. दोहोंचे दोषही वेगळे आहेत. मुदतीमुळे अपुरे काम पुरे म्हणून दाखवण्याचा मोह होतो. ओघात हिशेबाचा दिवसच उगवत नाही, आणि बांध टिकवायचा तर वरिष्ठांना 'आत्ता नाही' असे सांगण्याचे धैर्य लागते. 'स्क्रम'च्या अधिकृत मार्गदर्शिकेत २०११ मध्ये संघाच्या 'वचना'च्या जागी 'अंदाज' हा शब्द आला. एका शब्दाचे ओझे माणसांना किती जड होत होते, हे या बदलातून समजते.

आम्हां अध्यापकांना हा वाद परका वाटू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.चे विद्यार्थी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ एवढेच ठरवून दिले. हा ओघाचा बांध. त्याच नियमांनी दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायला सांगितले. ही मुदत. म्हणजे दोन्ही रीती आपल्याच घरात आहेत. मुदत आपण काटेकोर पाळतो, कारण तिची तारीख कागदावर असते. बांध मात्र विद्यार्थ्यांच्या संख्येपुरता मानतो. परीक्षांची कामे, समित्या, अहवाल यांना तो लावत नाही. आणि मग प्रबंधाचे प्रकरण वाचायचे राहून गेले की दोष विद्यार्थ्याच्या वेगाला देतो.