२००८ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक आणि आर्थिक संकट

२००८च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारकाळात, सप्टेंबर महिन्यात, अमेरिकेतील वित्तव्यवस्था कोसळण्याच्या बेतात आली. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार बराक ओबामा आणि रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन मॅककेन हे दोघेही त्या वेळी सेनेटचे सदस्य होते. त्यामुळे संकटावर केवळ भाष्य करणे नव्हे, तर त्यावरील कायद्यासाठी मतदान करणे ही देखील त्यांची जबाबदारी होती.

पार्श्वभूमी

१५ सप्टेंबर, २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच दिवशी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथील सभेत मॅककेन यांनी अर्थव्यवस्थेचा पाया मजबूत असल्याचे विधान केले. पाया म्हणजे अमेरिकन कामगार, असा खुलासा त्यांनी नंतर केला. परंतु ओबामा यांच्या प्रचारात या विधानाचा वारंवार उपयोग करण्यात आला. दुसऱ्या दिवशी फेडरल रिझर्व्हने एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचे कर्ज देऊ केले. त्यानंतर अर्थमंत्री हेन्री पॉलसन यांनी बँकांची बुडीत मालमत्ता विकत घेण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची योजना मांडली.

प्रचारस्थगिती

२४ सप्टेंबर रोजी मॅककेन यांनी प्रचार स्थगित करून वॉशिंग्टनला परतण्याची घोषणा केली व २६ सप्टेंबरचा पहिला वादविवाद पुढे ढकलावा, अशी मागणी केली. राष्ट्राध्यक्षाला एकाच वेळी अनेक कामे हाताळावी लागतात, असे सांगून ओबामा यांनी ती नाकारली. त्याच दिवशी दोघांनी संकटाविषयी संयुक्त निवेदनही प्रसिद्ध केले.

२५ सप्टेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी व्हाइट हाउसमध्ये बोलावलेल्या बैठकीस दोन्ही उमेदवार उपस्थित होते. डेमोक्रॅटिक नेत्यांच्या वतीने ओबामा बोलले. प्रतिनिधीगृहातील रिपब्लिकन सदस्यांचा योजनेला विरोध असताना मॅककेन यांनी बैठकीत ठाम भूमिका घेतली नाही. बैठक एकमताविना संपली. समझोता झालेला नसतानाही मॅककेन दुसऱ्या दिवशी मिसिसिपी विद्यापीठातील वादविवादात सहभागी झाले.

विधेयकावरील मतदान

२९ सप्टेंबर रोजी प्रतिनिधीगृहाने विधेयक २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळले. रिपब्लिकन सदस्यांपैकी १३३ जणांनी विरोधात, तर ६५ जणांनी बाजूने मत दिले. त्या दिवशी डाउ जोन्स निर्देशांक ७७७.६८ अंशांनी घसरला. १ ऑक्टोबर रोजी सेनेटने सुधारित विधेयक ७४ विरुद्ध २५ मतांनी मंजूर केले. ओबामा व मॅककेन या दोघांनीही त्याच्या बाजूने मतदान केले. ३ ऑक्टोबरला प्रतिनिधीगृहाच्या मंजुरीनंतर बुश यांच्या स्वाक्षरीने त्याचे कायद्यात रूपांतर झाले.

परिणाम

सप्टेंबरच्या पूर्वार्धात काही जनमत चाचण्यांत मॅककेन किंचित आघाडीवर होते. महिनाअखेरीस ओबामा पुढे गेले. दोघांचे अंतिम मत एकच असल्याने मतदारांसमोर तुलना मुख्यतः संकटकाळातील वर्तनाची राहिली. ४ नोव्हेंबरच्या मतदानोत्तर चाचणीत ६३ टक्के मतदारांनी अर्थव्यवस्था हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असल्याचे सांगितले. ओबामा यांना ३६५, तर मॅककेन यांना १७३ प्रातिनिधिक मते मिळाली. मात्र इराक युद्ध व बुश यांची घटलेली लोकप्रियता हे घटकही निकालामागे होते.