ऑस्ट्रेलियन डेमोक्रॅट्स : द्विगृही संसदेतील मध्यममार्गी जनाधार

१९७७ मध्ये डॉन चिप यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या ऑस्ट्रेलियन डेमोक्रॅट्स या पक्षाला १९९० मध्ये कनिष्ठ सभागृहासाठी सुमारे ११ टक्के मते मिळाली. परंतु एकसदस्यीय मतदारसंघांत विखुरलेल्या या मतांतून एकही जागा मिळाली नाही. सिनेटमध्ये मात्र १९४९ च्या निवडणुकीपासून लागू असलेल्या प्रमाणशीर प्रतिनिधित्वामुळे सुमारे १२.६ टक्के मतांवर ५ जागा मिळाल्या. सत्ता मिळवणे नव्हे, तर सरकारवर अंकुश ठेवणे हीच या पक्षाची ओळख होती. १९९९ मध्ये वस्तू व सेवा कराबाबत सरकारशी तडजोड केल्यानंतर पक्षांतर्गत मतभेद उफाळले. २००७ मध्ये पक्षाला एकही जागा राखता आली नाही. तात्पर्य, निवडणूक पद्धती लहान पक्षाला प्रवेश देते. जनाधार मात्र विश्वासावरच टिकतो.