मितन्नीचा अश्वशिक्षक

घोडा अंगानें कितीही दणकट असला, तरी गाडीला जुंपल्याबरोबर तो गाडीचा घोडा होत नाहीं. पळून जीव वांचवावा, हा त्याचा जातिस्वभाव. मागून खडखडाट आला कीं तो पुढें धांवतो. आणि गाडीचा खडखडाट तर तो जितका धांवेल तितका वाढतच जातो. म्हणून जाणता चाबुकस्वार आधीं त्याच्या अंगावर नुसतें सामान चढवितो, मग लांब लगाम धरून मागून चालतो, नंतर एखादा ओंडका ओढावयास लावतो, आणि या सर्वांना घोडा सरावल्यावरच रिकामी गाडी जोडतो. यांतील एक पायरी गाळली, तर घोडा उधळतो, गाडी उलटते आणि हांकणाराच्या प्राणांशीं गांठ पडते.

पायरीपायरीनें घोडा तयार करण्याची ही दृष्टि किती जुनी आहे, याचा लेखी पुरावा तुर्कस्तानांत सांपडला आहे. तेथील बोगाझकोय गांवाजवळ प्राचीन हित्ती लोकांची राजधानी हत्तुशा होती. जर्मन पंडित ह्यूगो विंक्लर यांनीं १९०६ सालीं तेथें उत्खनन सुरू केलें, तेव्हां कीलाकृति लिपींतील हजारों मृत्पट्टिका हातीं आल्या. त्यांची भाषा संस्कृताच्याच कुळांतील आहे, हें चेक पंडित बेद्रिच ह्रोज्नी यांनीं १९१५ सालीं दाखवून दिलें. या राजधानीच्या ग्रंथसंग्रहांत रथाचे घोडे तयार करण्याचा एक ग्रंथ आहे. त्याच्या चार पट्टिकांवर हजाराहून अधिक ओळी आहेत. ग्रंथाच्या आरंभींच कर्ता आपली ओळख देतो: नांव किक्कुली, देश मितन्नी, धंदा अश्वशिक्षकाचा. या गोष्टीला सुमारें ३,४०० वर्षें झालीं.

हित्तींचें सामर्थ्य रथांत होतें. इ. स. पूर्व १२७४ च्या सुमारास कादेशच्या रणांगणावर त्यांचे रथ मिसरच्या दुसऱ्या रामसेसाशीं भिडले. अशा रथपंक्तींत एक जोडी बिथरली, तर शत्रूला कांहीं करावयास नकोच. म्हणून किक्कुलीनें महिनोन् महिन्यांचा दिनक्रम बांधून दिला. घोडे जुंपावे, ठराविक अंतर हांकावे, सोडावे, धुवावे, मूठमूठ मोजून जव व वैरण द्यावी. पहिल्या दिवशीं दुडकी चाल पुष्कळ, भरधांव दौड अगदीं थोडी. पुढें अंतर वाढतें, पण एकदम नव्हे. आणि श्रमांइतकीच विश्रांति, स्नान व झूल यांचीही नोंद आहे. चाबकाच्या जोरावर कांहीं साधावें, असा या पद्धतीचा रोख नाहीं. तिचा सारा भर नेमावर आहे. सामानाला न सरावलेल्या घोड्याची भीति कशी मोडावी, हें मात्र येथें सांगितलेलें नाहीं. पहिल्याच दिवसापासून घोडा जुंपलेला आहे. ग्रंथांत आहे ती शरीराची तयारी.

मराठी कानाला या ग्रंथांतील कांहीं शब्द विशेष ओळखीचे वाटतील. रथाच्या फेऱ्या सांगतांना किक्कुली हित्ती शब्द सोडून ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न अशीं नांवें योजितो. एक, त्रि, पंच, सप्त यांशीं त्यांचें नातें उघड आहे. आणि वर्तन्न म्हणजे फेरी, वळसा. मितन्नीच्या राजानें हित्तींशीं इ. स. पूर्व चौदाव्या शतकांत केलेल्या तहांतही मित्र, वरुण, इंद्र व नासत्य यांना साक्षी ठेविलें आहे. मितन्नीची लोकभाषा निराळी, हुरी नांवाची होती. तरी तेथील अश्वविद्येच्या परिभाषेंत आर्यभाषेचे हे शब्द टिकून राहिले.

त्यांतील ‘वर्तन्न’ शब्दाचा आप्त मराठींत अद्याप नांदतो. तबल्यावर ताल एक फेरा पुरा करून समेवर येतो, त्याला आपण आवर्तन म्हणतों. किक्कुलीच्या मैदानावर घोड्यांची जोडी फेरा पुरा करून परत येई, तेव्हां तेंही एक आवर्तनच होई. आणि पुढचें आवर्तन घ्यावयाचें कीं घोडे सोडावयाचे, हें त्या दिवसाच्या नेमानें आधींच ठरलेलें असे.