पाच आधी की वीस?

‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी, पाच मागून. हा संकेत सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून पंचविसाचे बावन्न होत नाहीत. मी कवितेचा माणूस. शब्द इकडचा तिकडे झाला की अर्थ बदलतो, हे जाणतो. यंत्रांच्या बोलीलाही तोच नियम लागू आहे.

कारखान्यातल्या यंत्रांचे नियंत्रक बनवणाऱ्या मॉडिकॉन या अमेरिकी कंपनीनं १९७९ मध्ये ‘मॉडबस’ ही बोली आणली. तिच्यात आकडा ठेवायला खण असतो, त्याला रजिस्टर म्हणतात. खणात सोळा घरं आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक. त्यात ० ते ६५,५३५ एवढेच आकडे मावतात. तिथं उणे चिन्ह नाही की दशांशचिन्ह नाही. मग तोडगे निघाले. तापमान २३.५ असेल तर २३५ पाठवायचं आणि वाचणाऱ्यानं दहानं भागायचं. उणे एक सांगायचं तर ६५,५३५ लिहायचं.

एक लाख मात्र एका खणात मावत नाही. तो दोन खणांत विभागतात: एकात १, म्हणजे ६५,५३६ चा एक गठ्ठा, आणि दुसऱ्यात उरलेले ३४,४६४. पण गठ्ठ्याचा खण आधी की नंतर? खणाच्या आतला क्रम मॉडबसनं ठरवून दिला, दोन खणांमधला नाही. कुणी असा ठेवला, कुणी तसा. उलटं वाचलं, तर लाखाचे सव्वादोनशे कोटींहून अधिक होतात! दशांश आकडे लिहिण्याची ‘आयईईई ७५४’ ही प्रमाण पद्धत आली १९८५ मध्ये. ते आकडेही याच दोन खणांत बसवले गेले आणि हा घोळ त्यांच्याही वाट्याला आला.

सोळा घरांची किंमत जगानं ४ जून १९९६ रोजी पाहिली. युरोपचं एरियन-५ रॉकेट कुरू इथून पहिल्यांदा उडालं. त्यात मॉडबस नव्हतं, पण दुखणं याच कुळातलं. एरियन-४ साठी लिहिलेली आज्ञावली त्यात वापरली होती. चौसष्ट घरांचा आकडा सोळा घरांत बसवताना मावला नाही, दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली आणि सुमारे चाळीस सेकंदांत रॉकेट नष्ट झालं. आकडा खराच होता. जागा अपुरी होती.

मॉडबस आजही वापरात आहे. जाणता तंत्रज्ञ नवं यंत्र जोडताना आधी त्याची माहितीपुस्तिका उघडतो, मग एखादा ओळखीचा आकडा वाचून पडताळतो. तो जुळला, तरच पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवतो.